‘चालेल’ म्हणजे काय?

“‘चालेल’ म्हणजे काय? हो की नाही?” असं विचारून आमचे फोटोग्राफर दादा दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. दिवे तापलेले, साडी उडते म्हणून पंखा बंद, मी घामाघूम, आणि समोरची मुलगी गोंधळलेली. चालेल म्हणजे हो, हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. त्यांना ते मान्य नव्हतं.

मी मेकअपचं काम करते, राहते अंबरनाथ पश्चिमेला. उल्हासनगरात कापडाच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. साड्या, कुर्ते, तयार ब्लाउज असल्या मालाचे कॅटलॉग तिथे निघायचे. मॉडेल म्हणजे आपल्याच भागातल्या मुली. कुणी कॉलेजातली, कुणी पार्लरमधली. साठीकडे झुकलेल्या, जाड चष्म्याच्या त्या माणसाला आम्ही सगळे दादा म्हणायचो. ते मात्र विशीतल्या पोरींनाही अहो-जाहो करायचे.

पदर घसरला की कुठलाही फोटोग्राफर पुढे होतो, दोन बोटांनी सारखा करतो आणि मोकळा होतो. दादा लांबूनच सांगणार. मॅडम, पदर जरा वर. इतका नाही, थोडा खाली. डावा खांदा, तुमचा डावा. तोवर मुलीचं हसू विरलेलं असायचं आणि माझी पावडर उतरलेली. शेवटी मी पिन घेऊन धावले तर मलाच अडवायचे. “त्यांना विचारलंत?” अहो, मी बाई माणूस, मी काय विचारू? पण विचारावं लागायचं.

कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी होती, तरी मुलगी आत गेली की हे जिना उतरून गल्लीत जायचे. ती तयार होऊन बाहेर आली की मी खिडकीतून हाका मारत बसायची, कारण खाली त्यांच्या पानवाल्याशी गप्पा रंगलेल्या असायच्या. व्यापाऱ्यांचे मित्र शूटिंग बघायला यायचे, त्यांना दादा जिन्यावर बसवून चहा पाठवायचे. एकदा खुद्द काम देणाऱ्या शेठच्या मेहुण्यालाच पायरीवर बसवलं. तो बाहेर चरफडतोय, आत शेठ माझ्याकडे बघतोय, आणि दादा शांतपणे लाइट सरकवतायत.

एकदा मी वैतागून म्हणाले, दादा, हे सगळं जरा अति होतंय. लेन्स पुसता पुसता म्हणाले, “कॅमेरा माझ्या हातात असतो. तिच्या हातात काय असतं?” मी ब्रश धुवायला गेले.

पण बारवी धरणाकडे जे झालं, त्या दिवशी मात्र मला त्यांचा खरोखर राग आला. ब्लाउजच्या एका व्यापाऱ्याला मोकळ्या हवेतले फोटो हवे होते. मॉडेल होती वनिता, वांगणीकडच्या एका पाड्यावरची. बदलापूरच्या पार्लरमध्ये ती माझ्या हाताखाली शिकली होती, मीच तिला पुढे केलं होतं. पहिलंच काम. साड्यांचे फोटो झकास झाले. मग त्या व्यापारी शेठने पिशवीतून पाठ उघडी असलेला एक ब्लाउज काढला. तो काही आधी ठरला नव्हता. रस्त्याच्या कडेला दोन-चार बाइकवाले थांबून बघत होते. वनिता खाली बघत म्हणाली, “चालेल.”

झालं. दादांनी आपलं नेहमीचं विचारलं. ती पुन्हा म्हणाली, चालेल. दादांनी कॅमेरा बॅगेत ठेवला, चेन ओढली आणि शेठला सांगितलं, आजचं काम संपलं. शेठ काही वाईट माणूस नव्हता. तोही गोंधळून आपल्या सिंधी ढंगात म्हणाला, “साईं, लड़की तैयार है, तुझे क्या प्रॉब्लेम है?” मी दादांना बाजूला घेऊन समजावलं, पोरीचं पहिलं काम आहे, तिला पुन्हा कोण बोलावेल? ते नकारार्थी मान हलवत राहिले.

तेवढ्यात वनिताच पुढे आली. आवाज चढलेला. “माजं काम तुमी कशाला घालवता? मला इचारलं का?”

दादांना असं कुणी बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. मग म्हणाले, “नाही. ते विचारायचं राहिलं. चुकलं माझं. तुम्ही सांगा, काय करू?”

वनिताने एकदा बाइकवाल्यांकडे पाहिलं. मग तिने सांगितलं, ब्लाउज घालीन, पण इथं रस्त्यावर नाय. तुमच्या स्टुडिओत, आणि माजी मामी संगं असंल तर. दादांनी तिचं म्हणणं शब्दाला शब्द शेठपुढे मांडलं आणि एवढ्यावरच होईल म्हणून ठासून सांगितलं. शेठने माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला, पण कबूल झाला.

पुढच्या आठवड्यात मामी आली. स्टुलावर बसून दिवसभर दादांवर डोळे वटारून होती. फोटो झाले. मग वनिताला कामं मिळत गेली, आणि नव्या जागी गेली की ती आधी काय करणार, काय नाही, ते स्वतःच सांगून टाकायची. दोघांना सांभाळता सांभाळता माझ्या नाकी नऊ आले.

वनिताच्या लग्नानंतर काही महिन्यांतच दादा गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. स्टुडिओच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात. हल्ली मी ज्यांच्याबरोबर काम करते ती मुलं चटपटीत आहेत, कामं वेळेत उरकतात. मी घरीही लवकर जाते.

दादांना शेवटचं पाहिलं ते वनिताच्या लग्नात, पाड्यावर. नवरीला सजवायची खोली बायकांनी गच्च भरलेली, पुरुषांना मज्जाव. मी केसांत गजरा माळत होते. मामीने बाहेर जाऊन दादांना दंडाला धरून आत आणलं आणि नवरीसमोर बसवलं. आरसा भिंतीवर नीट लागत नव्हता. वनिता म्हणाली, “दादा, जरा धरा.” कॅमेरा पाठीवर टाकून त्यांनी तो मोठा आरसा दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरला. ती नथ घालत होती. आरशामागे त्यांचा चेहरा काही दिसत नव्हता, दोन्ही कडांना घट्ट धरलेली बोटं तेवढी दिसत होती.