पान बुडालं की बोलणं संपलं

आदरणीय बुधीबाई पादीर, म्हणजे आम्हा सर्वांच्या बुधीआजी, यांची माझी पहिली ओळख एका भांडणात झाली. मी बेलवलीत राहतो आणि उल्हासनगरच्या कोर्टात वकिली करतो. वाडीतल्या एकाला पाठवलेल्या आमच्या नोटिशीला उत्तर येईना, म्हणून अशिलाला सोबत घेऊन मी स्वतःच बदलापूरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्यांच्या ठाकरवाडीत गेलो. समाजमंदिरासमोर बैठक बसली होती. मी खुर्ची शोधू लागलो, तर आजींनी चटईकडे बोट दाखवलं. भांडणारी दोन्ही माणसं त्या एकाच चटईवर शेजारीशेजारी बसणार होती. समोरासमोर बसवलं की माणसं डोळे वटारतात आणि मग बोलणं राहून जातं, हे त्यांनी मला पुढे कधीतरी समजावलं. मी कलमं सांगायला सुरुवात केली. आजींनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि माझ्या अशिलाला एकच प्रश्न विचारला, "काय मोडलं?"

कोणी मोडलं, का मोडलं, हे सगळं नंतर. आधी काय मोडलं ते सांगायचं, मग ज्यानं मोडलं त्यानं ते आपल्या हातानं नीट करून द्यायचं. नीट झालं की दोघांनी पळसाच्या एकाच द्रोणातून पाणी प्यायचं आणि तो द्रोण उलगडून ओढ्याच्या तळाशी दगडाखाली दाबायचा. "पान बुडालं," असं आजी म्हणतात आणि बैठक उठते. त्यानंतर त्या गोष्टीचा कोणी उच्चार करायचा नाही. माझ्या अशिलाचं काय मोडलं होतं, हे त्यामुळे मला इथे सांगता येत नाही. नोटीस बॅगेतून परत आली आणि एक अशील हातचा गेला, इतकं सांगायला हरकत नसावी.

आजींच्या गौरवग्रंथाच्या समितीनं माझ्याकडे लेख मागितला तेव्हा प्रत्येक गुणासाठी एक प्रसंग द्यावा, अशी सूचना होती. माझी पंचाईत इथेच झाली. ज्यांनी आयुष्यभर भांडणं मिटवली आणि मिटलेली झाकून ठेवली, त्यांचे प्रसंग आणायचे कुठून? दुसऱ्या कोणाबद्दल लिहिणं सोपं गेलं असतं.

आजींना पंचाहत्तर वर्षं झाल्याचं आधार कार्डावरून कळलं. बुधवारी जन्मल्या म्हणून बुधी, याहून जास्त त्यांना ठाऊक नाही. पावसाळ्यात त्या बदलापूरच्या बाजारात रानभाज्या घेऊन बसतात. पहिल्या वर्षी मी त्यांच्याकडून शेवळं घेतली आणि सोबत दिलेली काकडं, म्हणजे शेवळांची खाज मारणारी ती आंबट फळं, कचरा समजून टाकून दिली. दुसऱ्या दिवशी कोर्टात माझा घसा इतका खाजत होता की युक्तिवाद दोन वाक्यांत आटपला. आजींना हे कळल्यावर त्यांनी वाटाभर काकडं घरी पाठवली आणि शिवाय निरोप दिला की, अधूनमधून विसरत जा, कमी बोलशील. माझी पत्नी हा निरोप अजून विसरलेली नाही.

आजींकडे सगळ्यांवर एकच औषध असतं, असं मात्र कोणी समजू नये. एकदा सकाळी सात वाजता त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. सोबत मार खाल्लेली एक बाई होती. नवऱ्याकडच्यांनी बैठक मागितली होती आणि आजींनी ती बसवायला साफ नकार दिला होता. माणूसच मोडायला निघालेत तिथे पान चालत नाही, पोलिसात चल, असं त्यांनी मला सांगितलं. तक्रार लिहून होईपर्यंत त्या ठाण्यातल्या बाकावरून हलल्या नाहीत. त्या बाईचं नाव मी सांगणार नाही आणि आपणही शोधू नये.

राहता राहिला एक प्रसंग. त्यात गुन्हेगार मी स्वतः आहे.

आजींच्या बैठकांनी मी भारावून गेलो होतो. एका स्थानिक साप्ताहिकात मी त्यांच्यावर लेख लिहिला आणि त्यात वाडीतल्या एका मुलीचं मिटलेलं प्रकरण सविस्तर दिलं. नाव बदललं होतं. पण ती उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात मशीनवर बसते आणि डावखुरी आहे, हे वर्णनाच्या भरात लिहून गेलो. कारखान्याच्या गल्लीत वाडीहून येणारी डावखुरी मुलगी एकच होती. कोणीतरी लेख कारखान्याच्या शेठना वाचून दाखवला आणि दुसऱ्या दिवशी तिचं काम गेलं. तिच्या कामावर घर चालत होतं.

मी तडक शेअर रिक्षा पकडून कारखान्यात गेलो आणि शेठना कामगार कायदा ऐकवला. त्यांनी शांतपणे चहा मागवला आणि म्हणाले, "वकीलसाब, कोर्ट में बोलना आपका काम है. इधर हाथ चलता है." चहा पिऊन मी परत आलो.

मग वाडीत बैठक बसली. त्या मुलीच्या शेजारी, त्याच चटईवर, मी बसलो. आजींनी तिला विचारलं, काय मोडलं? तिनं सांगितलं की आपलं प्रकरण ओढ्याखाली आहे, असं तिला वाटलं होतं. आता ती रिक्षात बसली तरी लोक आपल्याकडेच बघतात असं तिला वाटत होतं. नंतर तिनं माझ्याकडे न बघता म्हटलं, "वकीलदादा, तुमी चांगलंच लिवलं व्हतं. म्हनून तर समद्यांनी वाचलं."

मला लाज वाटली. मी भरपाई देऊ केली, जाहीर माफीनामा छापतो म्हणालो. आजींनी नकारार्थी मान हलवली.

"बोलून मोडलंस," त्या म्हणाल्या. "आता बोलून नाय जुळायचं. हातानं जुळव."

कोर्टाला सुट्टी लागली होती. मी पुन्हा कारखान्यात गेलो आणि शेठना सांगितलं की चूक माझी आहे, तिची जागा परत मिळेपर्यंत मी इथे बसून पडेल ते काम करतो. त्यांना गंमत वाटली असावी. त्यांनी माझ्या हातात छोटी कात्री दिली आणि जमिनीवर धागे कापायला बसवलं. आजूबाजूचे कामगार, वकील इथे काय करतोय, म्हणून विचारत आणि मला प्रत्येकाला सांगावं लागे की मी एका मुलीचा विश्वास मोडला आहे. पाच दिवसांत माझ्या बोटांना फोड आले आणि धाग्याबरोबर सात पँटींचं कापडही कापलं गेलं. सहाव्या दिवशी शेठनी कात्री काढून घेतली. "आप रहने दो. उसी को भेजो," ते म्हणाले. ती दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाली. त्या संध्याकाळी आम्ही एका द्रोणातून पाणी प्यालो आणि पान बुडालं.

ते आज मी वर काढलं आहे. त्यासाठी लेख लिहिण्याआधी मी वाडीत परवानगी मागायला गेलो. ती मुलगी आता कारखान्यात मास्तरीण आहे, नव्या मुलींना मशीन शिकवते. तिनं आजींकडे बघितलं. आजी मला म्हणाल्या, "तुझं पान तू काढ. तिचं नको." म्हणून तिचं मूळ प्रकरण काय होतं, ते या लेखात नाही आणि कुठेच असणार नाही.

छापायला देण्याआधी मी लेख दोघींना वाचून दाखवला. एका ठिकाणी ती मुलगी "हे काढा" म्हणाली. अर्धंच वाक्य होतं, मला ते फार आवडलं होतं आणि त्यातून तिच्या गोष्टीचा माग लागत होता. मी ते खोडलं, कागद तिच्या हातात दिला. तिनं खोडलेली ओळ दिव्याकडे धरून पाहिली, वाचता येत नाही ना याची खात्री करून घेतली. मग आजींनी तिला विचारलं, "काय मोडलं?"

तिनं कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली.

"नाय," ती म्हणाली. "काय नाय मोडलं."

बुधीआजी, हा ग्रंथ आपल्या हाती येईल त्या दिवशी मी एक पळसाचं पान घेऊन ओढ्यावर येईन आणि त्यानंतर या विषयावर मला कोणी काही विचारू नये. आम्ही मोडणारी माणसं अजून पुष्कळ आहोत. तेव्हा ओढ्यापर्यंत उतरून जाण्याइतके गुडघे आणि आम्हाला गप्प बसवण्याइतका आवाज आपल्याला अजून खूप वर्षं पुरो, आपली प्रकृती ठणठणीत राहो, हीच मनापासून इच्छा.