वहिनींचा उजवा हात

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, मुलीला नाही, देवासमोरसुद्धा नाही — तिथे तर मी शिताफीने दुसरंच काहीतरी पुटपुटत राहते. तुम्हाला सांगते आहे. का, ते मलाही माहीत नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. डोंबिवलीत दोन खोल्यांत आम्ही सगळे एकत्र राहायचो. सासूबाईंचं सोवळं कडक. पूजेचं धुतलेलं लुगडं, कुणाचा हात लागू नये म्हणून, छताजवळच्या दोरीवर काठीने वाळत घालायचं. ते काम वहिनींचं. काठीच्या टोकावर ओलं नऊवारी उचलून एका झटक्यात टाकायच्या, सुरकुती म्हणून राहायची नाही. मी एकदाच टाकलं, ते अर्धं जमिनीवर आलं. सासूबाई मला काही बोलल्या नाहीत. नुसती वहिनींना हाक मारली. बारा वर्षं अशीच गेली. मला कुणी छळत होतं का? नाही हो. माझ्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं, एवढंच.

सत्त्याऐंशी साली वहिनी चालताना झोकांड्या खायला लागल्या, ब्लाउजचे हूक लावता येईनात. मानेच्या मणक्यांत मज्जारज्जू दाबला गेला होता. ठाण्याला, नौपाड्यातल्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. पुरुष कामावर, म्हणून दिवसा मी बसायचे. दुसऱ्या दिवशी वहिनींनी आपल्या हाताने केस सारखे केले. घरी जाऊन मी कौतुकाने सांगितलं. चौथ्या दिवशी सकाळी मात्र उजवा हात खांद्यातून उचलेना. बोटं चालत होती, मूठ वळत होती — हात वर जाईना.

डॉक्टरांनी तपासलं आणि मला एकटीला व्हरांड्यात बोलावलं. म्हणाले, या ऑपरेशननंतर क्वचित असं होतं. खांद्याकडे जाणारी नस दुबळी पडते, तीही लगेच नाही, काही दिवसांनी. बहुतेकांचा हात परत येतो, पण महिने लागतात. रोज कुणीतरी हात धरून व्यायाम करून घ्यायचा, नाहीतर खांदा आखडेल. जड उचलायला लावू नका. महिन्याने दाखवायला आणा. पेशंटला आत्ताच घाबरवू नका, घरी सगळ्यांना नीट सांगा.

घरी सगळ्यांना सांगा. मला सांगितलं होतं हे. फक्त मला.

विसरले, असं लिहू का? सोपं जाईल. पण मी विसरले नव्हते. वहिनी घरी आल्या त्या दिवशी माझ्या अगदी ओठांवर होतं. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "तांदूळ निवडता येतात, वाती वळता येतात, आणि काठी तेवढी उचलवत नाही? हॉस्पिटलात तर केस विंचरत होती म्हणे. काय गं, तू पाह्यलंस ना?"

"हो," मी म्हणाले.

खोटं कुठे होतं त्यात? पाहिलंच होतं मी. त्या "हो"नंतर पुढचं वाक्य बोलायचं होतं — ते मी बोलले नाही. खरं सांगू? मला बरं वाटलं. वहिनींना कुणी कामचुकार म्हणतंय, हे बारा वर्षांत पहिल्यांदा ऐकत होते. उद्या सांगू म्हटलं. आणखी एक दिवस ऐकू दे. मग उद्याचा परवा झाला. टाके आमच्याच गल्लीतल्या डॉक्टरांनी काढले, पाय सुधारले होते, त्यामुळे ठाण्याला परत जायचं कुणाच्या मनातही आलं नाही. हॉस्पिटलचं इंग्रजीतलं कार्ड माझ्या ट्रंकेत होतं. लुगडं टाकायला मी शिकले. सासूबाई आता मला हाक मारायच्या.

महिन्याभराने ओट्यापाशी वहिनींनी हळूच विचारलं, "अगं, डॉक्टर तुला काही म्हणाले होते का गं, माझ्या हाताचं?"

आता तरी? आता तरी सांगायचं ना?

"नाही हो वहिनी. तुम्ही जरा मनावर घ्या, उचलेल."

त्यांनी मनावर घेतलं. घरात कुणी नाही असं बघून त्या डाव्या हाताने उजवा हात काठीपर्यंत न्यायच्या, आणि सोडला की तो खाली पडायचा. मी दाराआडून पाहिलं आहे. एकदा नाही, कितीतरी वेळा. रडायच्या नाहीत. स्वतःवरच चिडायच्या.

हात आला नाही. खांद्यावरचं मांस झडलं, हाड दिसायला लागलं. एक्क्याण्णव साली कल्याणच्या एका डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांनी खांदा फिरवून पाहिला, फिरेचना. म्हणाले, तेव्हाच व्यायाम केला असता तर बराच फरक पडला असता. का नाही केलात? मी शेजारच्या स्टुलावर बसले होते. वहिनींनी मान खाली घातली.

"माझाच आळस, डॉक्टर. घरच्यांनी खूप सांगितलं. ही तर रोज सांगायची."

माझ्याकडे बघून हसल्यासुद्धा.

तेव्हाही मी गप्प बसले. बाहेर आल्यावर त्यांना रिक्षात चढायला आधार दिला, आणि त्या म्हणाल्या, तू आहेस म्हणून गं. त्यानंतर त्या सात वर्षं जगल्या — त्याच दोन खोल्यांत, त्याच ओट्यापाशी, माझ्या शेजारी. सांगायला रोज सकाळ होती. मी सांगितलं नाही. आपण आळशी आहोत, असं समजूनच त्या गेल्या.