गुरुपादची बोटं

पाच आठवड्यांपूर्वी, भर दुपारी, आमच्या शाळूसोबत्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक ओळ आली : 'गुरुपाद गेला.' खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मीही एक जोडी टाकली. याच ग्रुपवर मी त्याचं हसं केलं होतं, ते कुणाला आठवत असेल का... पहिला विचार हा आला. दुःख त्यानंतर.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात वीज शिकवली, गुरुपादनं उद्यमनगरात चाळीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं. त्याची रीत साधी होती. इंजिन चालू ठेवायचं, वायरींवरून बोटं फिरवत जायचं, जो सांधा गरम लागेल तो नासका. "मीटर खोटं बोलत न्हाय मास्तर, पण अर्धंच सांगतंय," असं तो म्हणायचा. मी हसण्यावारी न्यायचो.

निवृत्तीनंतर मी हौसेनं एक जुनी, लाल, दोन माणसांची स्पोर्ट्‌स कार घेतली. वीस मिनिटं ती झकास पळायची आणि पन्हाळ्याच्या चढावर एकाएकी डॅशबोर्डावरचे दिवे जाऊन बंद पडायची. अर्ध्या तासानं, गार झाली की पुन्हा चालू. गुरुपादनं बॅटरी, अल्टरनेटर, कॉइल, एकेक फ्यूज तपासला. गाडी गार असताना मीटर सगळीकडं पुरे बारा व्होल्ट दाखवायचं. तीन महिने गेले. मी रोज संध्याकाळी जायचो आणि चार माणसांदेखत विचारायचो, "काय अण्णा, सापडला का चोर?" तो नुसता मान हलवायचा. एकदा बोलता बोलता त्याचं बोट तापलेल्या सोल्डरिंग गनला चिकटलं. कातडी जळल्याचा वास मला आला, त्याला कळलंच नाही. "अरे, हात भाजतोय की!" मी ओरडलो तेव्हा त्यानं बोटाकडं पाहिलं, पँटला पुसलं, आणि पुढं बोलू लागला. म्हातारा झाला, एवढंच मी मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गेलो तर इंजिन चालू होतं आणि गुरुपाद डॅशबोर्डाखाली उताणा पडून एकेक वायर गालाला लावत होता. गालाला, मग ओठाला. डोळे मिटलेले. मी मोबाइल काढला, शूटिंग केलं आणि 'अण्णा गाडीचा मुका घेताना' असं लिहून ग्रुपवर टाकलं. तासाभरात ते सगळ्या उद्यमनगरात फिरलं. खालून तो म्हणत होता, "मास्तर, इग्निशन स्विचच्या मागं हाय बघा काहीतरी. आजचा दिस थांबा." मी थांबलो नाही. गाडी ओढून पुण्याच्या एका मोठ्या गॅरेजला पाठवली. तिथं त्यांनी निम्मे पार्ट बदलले. गाडी चढावर बंद पडायची ती पडतच राहिली.

इकडं त्याच्या दुकानासमोरून जाणारी पोरंटोरं ओठांचा चंबू करून दाखवायची. गिऱ्हाइकं दुसरीकडं वळली. दिवाळीनंतर त्यानं शटर ओढलं आणि इचलकरंजीला एका पॉवरलूमच्या शेडमध्ये मागांच्या विजेच्या मोटारी सांभाळायला लागला. बारा तास उभ्यानं. एके दिवशी त्याच्या बुटात स्क्रू पडला, तो त्यावर पूर्ण पाळी चालला. घरी येऊन बूट काढला तेव्हा मोजा रक्तानं भिजलेला होता. आधी अंगठा कापला, मग पाय, आणि तरी विष अंगभर पसरलंच.

माती देऊन आल्यावर त्याची बायको, शांतावहिनी, मला म्हणाली, "साखरेच्या दुखण्यानं हाताबोटांतलं न् पायांतलं समदं मेलतं त्यांचं. कुणाला सांगू देत न्हवते. गिऱ्हाईक तुटंल म्हणायचे. गालाला तेवढं कळायचं."

विजेचा प्राध्यापक म्हणून मी पस्तीस वर्षं मिरवलं होतं. घरी आलो, गाडी तापवली आणि आयुष्यात पहिल्यांदा मीटर बाजूला ठेवून डॅशबोर्डाखाली हात घातला. इग्निशन स्विचच्या मागं, जुन्या टेपखाली, एक सांधा चटका देत होता. टेप सोलली. आतल्या तारा निम्म्याअधिक जळून काळ्या झाल्या होत्या. तापलं की सुटायचं, निवलं की टेकायचं. काम पंधरा मिनिटांचं निघालं. नवा सांधा घालून पन्हाळ्याला दोन फेऱ्या मारल्या. गाडी एकदाही थांबली नाही.

तीच गाडी घेऊन मी वहिनींकडं गेलो. त्या दारातच जोंधळे पाखडत बसल्या होत्या. "वहिनी, दोष तिथंच निघाला. गुरुपाद म्हणाला होता, अगदी तिथंच."

त्यांचं सूप थांबलं नाही. "त्यास्नी ठावं होतं की ते," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात पडल्या पडल्या सांगायचे, मास्तर येतील, तेवढं त्यास्नी सांगायचं ऱ्हायलंय. दारावर डोळं लावून बसायचे." मग पहिल्यांदा माझ्याकडं वर बघून म्हणाल्या, "सात आठवडं होते की ओ भावजी तिथं. कुठं गेलता?"

मी मागं वळलो. गाडीत जाऊन बसलो. वाटत होतं, आता तरी ती सुरू होऊ नये... वहिनींच्या दारात, सगळ्या गल्लीदेखत अडून बसावी. किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्याला इंजिन सुरू झालं.