बुडबुडे येईपर्यंत

चीं... खट्ट. चीं... खट्ट.

कामाला लागलो त्या दिवशी ऐकलेला हा पहिला आवाज. बुलढाण्यातल्या आमच्या दवाखान्याच्या आयसीयूत एक्स-रेचं फिरतं मशीन होतं आणि त्याचं एक चाक वाकडं होतं. ते ढकलायचं काम पुढे माझ्याकडेच आलं, आणि मी सगळ्यांचा मामा झालो. शाळा चौथीपर्यंत, बोलणं संथ. पण शेतातून येताना धोतराला कुसळं चिकटतात ना, तसे किस्से चिकटतात. मुद्दाम कोणी गोळा करत नाही!

पेशंट फार सिरीयस असला की मानेतून किंवा गळ्याच्या हाडाखालून मोठ्या शिरेत नळी घालतात, थेट हृदयाच्या दारापर्यंत. तिला सेंट्रल लाइन म्हणतात. ती वाट चुकली किंवा फुप्फुसाला टोचलं तर पंचाईत. म्हणून मोठ्या सरांचा नियम, "फोटो बघितल्याशिवाय औषध नाही." मी मशीन आणणार, फोटो निघणार, फोटोची कॅसेट घेऊन धुवायला खाली जाणार. तोवर बीपी उतरत जायचं आणि ते चढवायचं औषध टेबलावर बसून!

*

एकदा फोटो आला. नळीच्या टोकावर पांढरा गोल डाग. सर चमकले. "हे काय आहे?"

मी खाली मान घातली. पेशंट आजोबांनी गळ्यातला शेगावचा बिल्ला काढू दिला नव्हता. सदऱ्यात लपवला होता.

"सर, महाराज हायेत."

सरांनी फोटो पुन्हा उजेडाला धरला. "महाराजांना म्हणावं थोडं सरका. आम्हाला नळी बघायचीय!"

*

मग नवीन मॅडम आल्या. म्हणाल्या, नळी जागेवर आहे का ते सोनोग्राफीवर तिथल्या तिथे दिसतं. मशीन आलं, तसा कायद्याने भिंतीवर बोर्डही लागला, 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.'

पहिला पेशंट सत्तरीचा. मॅडमनी त्याच्या छातीला जेली लावली. त्याची बायको आधी बोर्डाकडे बघत राहिली, मग नवऱ्याकडे.

"मॅडम, पोरगा हाय का पोरगी, ते मात्र सांगू नका हो. गुन्हा हाय म्हन्ते!"

ऑक्सिजनच्या मास्कमधून म्हातारा हसला. मॉनिटर बोंबलायला लागला.

*

मॅडमची रीत साधी. दोन सिरिंजमध्ये सलाईन आणि थोडीशी हवा, इकडून तिकडे, तिकडून इकडे घुसळायची. मग ते बारीक बुडबुड्यांचं पाणी नळीतून सोडायचं. नळी बरोबर असली तर दोन सेकंदांच्या आत पडद्यावर हृदयात पांढऱ्या ठिपक्यांची गर्दी उडते. मग छातीच्या दोन्ही बाजू बघायच्या. तिथे मुंग्यांची रांग चालल्यासारखं हललं, की फुप्फुस शाबूत.

"मामा, तुम्ही मोजा," मॅडम म्हणाल्या.

मी मोजलं, "ए...क."

सिस्टर म्हणाली, "मामाले मोजाले लावाल तं पेशंटले सुट्टी होऊन जाईन!"

मॅडमनी मोबाईलवर वेळ लावून मला पुन्हा मोजायला लावलं. माझा एक 'एक' बरोबर दोन सेकंदांचा निघाला! त्या दिवसापासून आयसीयूत तेच माप. 'मामांच्या एकमध्ये आलं' म्हणजे नळी पास.

सरांना मात्र पटलं नाही. "बुडबुडे करा, हरकत नाही. पण औषध फोटोनंतरच." मॅडमचा चेहरा पडला. बुडबुडे क्षणात येत, आणि पेशंट पुढचा अर्धा तास माझ्या वाकड्या चाकाची वाट बघत पडून राही.

*

बीबी गावचे एक व्यापारी होते. नळी गळ्याच्या हाडाखालून घातलेली.

"ए...क."

पडदा काळाच. मॅडमनी पुन्हा सोडलं. मी पुन्हा मोजलं. काळाच! बऱ्याच वेळाने चार ठिपके रेंगाळत आले, लग्नाला उशिरा पोचलेल्या पाहुण्यांसारखे.

"नळी वर वळलीय, मानेकडे," मॅडम म्हणाल्या.

"फोटो," सर म्हणाले.

फोटोत नळी मानेकडेच गेलेली. सर खिडकीशी तो धरून उभे राहिले आणि म्हणाले, "हं."

सिस्टर माझ्या कानाशी आली. "मामा, सरायच्या तोंडून 'हं' निंघालं. पेढे वाटा आता!"

पण नियम तोच राहिला.

*

मग एका सकाळी सरांची आईच आली. अंगात इन्फेक्शन पसरलेलं, बीपी खाली. मॅडमनी मानेतून नळी घातली. सर खाटेच्या पायाशी उभे. मी मशीन आणून ठेवलं होतं, चीं... खट्ट. फोटो काढणारा टेक्निशियन खाली ओपीडीत अडकलेला.

म्हातारीने डोळे किलकिले केले. "बाळ्या, त्या मामाले बसू दे ना. कवाचा उभा हाय."

सरांना कोणी बाळ्या म्हणतं हे आम्हाला कुठे माहीत! एरवी हसू आवरलं नसतं. त्या दिवशी कोणी हसलं नाही. म्हातारीचे डोळे पुन्हा मिटले. मॉनिटरवरचा आकडा आणखी उतरला. सिस्टर औषधाचा पंप लावून बटणावर बोट ठेवून थांबली.

मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, फोटोसाठी थांबू?"

सर आईकडे बघत होते. मग माझ्याकडे वळले.

"मामा, मोजा."

मॅडमनी सिरिंज दाबली.

"ए..."

पुढचं अक्षर तोंडातच राहिलं. पडदा पांढऱ्या ठिपक्यांनी भरून गेला होता. मॅडमनी छातीच्या दोन्ही बाजू बघितल्या. दोन्हीकडे मुंग्या चालत होत्या.

सरांनी मान हलवली. सिस्टरने बटण दाबलं.

आम्ही आकड्याकडे बघत राहिलो. तो थांबला. मग एकेक पायरी वर चढायला लागला.

सर माझ्याजवळ आले. त्यांनी माझ्या हातातून एक्स-रे मशीनची दांडी घेतली, ते वळवलं, आणि स्वतः ढकलत दाराबाहेर निघून गेले.

चीं... खट्ट. चीं... खट्ट.