वैजनाथच्या घरचा चहा

पुसेगावात वैजनाथला चहा पाजणं सोपं, त्याच्या मनासारखा पाजणं महाकठीण. मी त्याच्या समोरच्याच घरात राहतो, म्हणून सांगतो. मला स्वतःला चहातलं काही कळत नाही. गरम असावा, गोड असावा, विषय संपला. वैजनाथचा विषय तिथून सुरू होतो. दूध म्हशीचं की गाईचं, आलं ठेचलं की किसलं, साखर आधी पडली की पत्ती, हे त्याला पहिल्या घोटात कळतं. निदान कळल्यासारखा चेहरा तरी तो करतो.

सकाळचा पहिला चहा स्टँडवरच्या हॉटेलात, कडक, काचेच्या ग्लासात. हिंगोलीच्या मोंढ्यात हळद घेऊन गेला की स्टेशनबाहेर मलई घातलेला. तांड्यावर प्रेमदासच्या घरी गुळाचा कोरा. त्यात कुणी दूध घालू का विचारलं तर वैजनाथ एवढा दुखावतो की जणू त्याच्या खानदानावरच काही बोललं. थंडीत गवती चहाचं पातं पाहिजे. आणि चहा कुठलाही असो, तो बशीत ओतून, डोळे मिटून ओढायचा. तो आवाज माझ्या ओट्यावर ऐकू येतो. खरं सांगायचं तर तो आवाज ऐकून मलाही चहाची तल्लफ येते, पण हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही.

या नादातूनच तो सोयरिकी जमवायला लागला. सोयरीक म्हणजे घरोघर जाणं आणि घरोघर जाणं म्हणजे चहा. पैसा घेत नाही, चहावर भागवतो. घर कसं आहे ते तो चहावरून सांगतो. "पत्तीला हात आखडते ती सासू लेकीबाळीलाबी हात आखडतेच," असं म्हणून त्याने चांगली चांगली स्थळं मोडलेली मला माहीत आहेत.

एका घरचा चहा मात्र त्याला कधीच पसंत पडला नाही. स्वतःच्या. बायकोचं, शालूबाईंचं नाव निघालं की तो हात जोडायचा. "बाई लक्ष्मी हाये, पण चहा म्हणजे भांडं विसळलेलं पानी." आता यात माझं मत विचाराल तर सांगतो. त्या माउलीने सकाळी करून ठेवलेला चहा हा गडी स्टँडवर दोन ग्लास रिचवून घरी येईपर्यंत तीनदा तापवलेला असतो. तीनदा तापवलेला चहा कुणाच्या बापाचा चांगला लागेल? पण ऐकतो कोण.

अशा या वैजनाथचा स्वतःचा पोरगा सोमेश्वर तिशी ओलांडून बिनलग्नाचा राहिला. पोरगं निर्व्यसनी, हळद चांगली पिकवतं, पण शेती करणाऱ्याला हल्ली पोरगी देतो कोण? ज्यांच्या सोयरिकी याने जमवल्या, त्यांची लेकरं शाळेत जायला लागली. दुसऱ्याच्या लग्नात अक्षता टाकताना वैजनाथचा चेहरा बघवायचा नाही.

शेवटी कुरुंद्याचं एक स्थळ आलं. पोरगी शिवकन्या, हिंगोलीत एका दवाखान्यात नर्स. घर बघायला ती स्वतः येणार, सोबत वडील सोनाजी आणि आत्या जनकाबाई. वैजनाथची झोप उडाली. पोरगा, घर, शेत, कशाचीच त्याला काळजी नव्हती. काळजी चहाची.

"गड्या, हे स्थळ गेलं तर माझं पोरगं तसंच राहील," तो मला म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं, थट्टा करायची माझी हिंमत झाली नाही. "शालूच्या हातचा चहा त्यायच्या पुढं ठिवायचा न्हाई. तू स्टँडवरून थर्मास भरून आन. मागच्या दारानं."

मी आणला. शालूबाईंनी तो मुकाट कपात ओतला, थर्मास पिठाच्या डब्यामागे सारला. पाव्हण्यांनी चहा घेतला, सोनाजींनी मान डोलावली. वैजनाथने सुटकेचा श्वास सोडला, आणि तेवढ्यात जनकाबाई उठून सैपाकघरात गेल्या.

आता, पोरीकडच्या बाया सैपाकघर बघतातच. दुसऱ्यांच्या सोयरिकीत ही गोष्ट वैजनाथच सगळ्यांना बजावतो. या वेळी नेमका विसरला.

जनकाबाई बाहेर आल्या त्या कमरेवर हात ठेवून. "वैजनाथभाऊ, चहा झ्याक. पन शेगडी थंडगार, भगुनं कोरडं ठाक. चहा आला कुठून?"

वैजनाथला खोटं बोलता येत नाही, तरी तो बोलला. "शेजारून."

"मंग पोरगी शेजारच्या घरी द्यावी काय?"

मी घाईघाईने सांगितलं की माझ्या दोन्ही पोरांची लग्नं झालीत. कुणी हसलं नाही. शालूबाई पदर खोचून उठल्या, पण जनकाबाईंनी त्यांना हाताला धरून बसवलं.

"तुमी बसा बाई. आमची पोरगी सकाळच्या बसनं ड्युटीला जाती. तिनं काय चहा करून घरच्यायला उठवायचं? पोराला येतो का बघू द्या. जा बाबा, कर."

वैजनाथच्या घरात गडीमाणूस शेगडीपाशी गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. तो तोंड उघडणार, तर मी त्याचा पाय दाबला. सोमेश्वर उठला, शर्टाच्या बाह्या सारल्या आणि आत गेला.

पोराला चहा येत होता. त्याचीच पुढे अडचण झाली. हळद शिजवायच्या दिवसांत शेतातल्या सगळ्या गडी-बायांचा चहा तोच करतो. तिथेच शिकला, म्हणून तेवढंच माप त्याला ठाऊक. सगळ्यात मोठं भगुनं त्याने खाली काढलं. डेअरीला घालायचं कॅनभर दूध त्यात ओतलं, बचकेने पत्ती टाकली, पाट्यावर मूठभर आलं ठेचलं. सहा-सात माणसांना एवढा चहा कशाला, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्याच्या लेखी चहा म्हणजे एवढाच असतो.

वास गल्लीभर गेला. सोमेश्वरने आणि मी फडक्याने धरून ते भगुनं बैठकीत आणलं तेव्हा सोनाजी चपापून मागे सरकले.

वैजनाथ त्या भगुन्याकडे बघतच राहिला. एवढा चहा, तोही ताजा, तोही म्हशीच्या दुधाचा, निवून वाया जाणार, हे त्याच्या काळजाला सोसेना. तो ओट्यावर गेला आणि त्याने हाक दिली, "अरे या रे सगळे, चहाला या!"

घर बघायचा कार्यक्रम चालू असताना सगळ्या गल्लीला चहाला बोलावलं की आमच्याकडे त्याचा एकच अर्थ. सोयरीक जमली. लोक नुसते आले नाहीत, आपापले कप घेऊन आले. कुणी साखरेचा पुडा आणला, एका म्हातारीने शिवकन्येला कुंकू लावलं, गावाच्या ग्रुपवर फोटोही गेला. सोनाजींचा फोन वाजला. कुरुंद्याहून कुणीतरी लग्नाची तारीख विचारत होतं.

जनकाबाई ताडकन उठल्या. "आमी अजून व्हय म्हनलं न्हाई, न्हाई म्हनलं न्हाई, आन गाव बसून चहा पिऊन राहिलं! ही काय जबरदस्ती हाये?"

वैजनाथला आपण काय करून बसलो ते आता कळलं. "चुकलं बाई माझं," तो म्हणाला. "चहा दिसला की मला काही सुचत न्हाई. माझ्या पोराचा त्यात काही दोष न्हाई." एवढा लहान झालेला वैजनाथ मी कधी पाहिला नव्हता, आणि मला त्याची फार कीव आली.

शिवकन्या इतका वेळ कप हातात धरून बसली होती. ती उठली आणि सरळ दारापाशी गेली. तिथे उंबऱ्यावर शालूबाई बसल्या होत्या. सोमेश्वरने भरलेला पहिला कप त्यांच्याच हातात दिला होता. बाई तो फुंकून फुंकून, सावकाश पीत होत्या. अशा निवांत बसून गरम चहा पिताना त्यांना मी एवढ्या वर्षांत प्रथमच बघत होतो.

"मावशी," शिवकन्येने विचारलं, "तुमच्या लेकानं रोज असा चहा केला, तर तुमच्या घरात चालंल का?"

वैजनाथने घसा खाकरला. घराचं मत सांगायचं म्हणजे आपण, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. पण शालूबाईंनी त्याच्याकडे बघितलंच नाही.

"चालंल की," त्या म्हणाल्या. "आन लेकाच्या बापानं केला तरी चालंल."

गल्ली अशी हसली की कुणाच्या तरी हातून कप फुटला. जनकाबाईंनी पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. वैजनाथ आधी गोरामोरा झाला, मग बशीतला चहा ओढून मोकळा झाला. शिवकन्येने आपला कप शालूबाईंशेजारी ठेवला आणि तीही उंबऱ्यावर टेकली.

"आत्या," ती म्हणाली, "एवढ्या लोकायला आता खोटं काहून पाडायचं? पिऊ द्या त्यायला चहा."