पाणबुडीच्या शेपटाकडचं पाणी

नाशिकच्या कॉलेजात मी शिकवायला लागले, तेव्हा एक सीनियर मॅडम शेजारच्या टेबलावर बसायच्या. पीएचडीसाठी पाणबुडीभोवतीचा प्रवाह कॉम्प्युटरवर सोडवत होत्या. लोडशेडिंगचे दिवस. गप्पा मारता मारता मध्येच ‘थांबा हं’ म्हणून त्या काम सेव्ह करायला उठत.

भोवऱ्यांचं गणित मांडायच्या दोन पद्धती त्या ताडून पाहत होत्या. एकीत पाणी शेपटापर्यंत पाणबुडीच्या अंगाला चिकटून राही, दुसरीत आधीच सुटून घुसळत जाई. या फरकानं त्यांची झोप उडाली होती.

“एकच निवडा मॅडम,” त्यांचे पीएचडीचे गाइड म्हणाले. “दोन उत्तरं दाखवलीत तर अडकाल.”

परीक्षकांपुढे त्यांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. मी मागच्या बाकावर बसले होते.

“मग खरं कुठलं?” परीक्षकांनी विचारलं.

“अजून माहीत नाही, सर. पाणबुडी वळते तेव्हा तर दोन्हींवर माझा भरवसा नाही. आत माणसं असतात.”

त्यांना काम पुन्हा करायला सांगितलं गेलं. बाहेर आल्यावर त्यांनी स्कूटीची किल्ली माझ्यापुढे धरली. “तुम्ही चालवता का? आज मला नाही जमायचं.”

गंगापूर रोडनं घर येईपर्यंत त्यांनी माझा खांदा सोडला नाही.