तीनदा धुतलेली जीप

नारळ मी मिस्त्रीच्या हातात दिला, तिथंच माझं चुकलं.

विट्यात जीपला बॉडी चढवणाऱ्या एका शेडमध्ये मी मॅनेजर होतो. म्हणजे शेडमधल्या एकुलत्या एका टेबलामागे बसायचो. नव्वदनंतर गावोगाव वडाप सुरू झालं, जो तो जीप आणून माणसं भरायला लागला. कंपनीच्या जीपमध्ये माणसं बसायची. आमची बॉडी चढली की मावायची. ही करामत मिस्त्रीची. मला पत्र्यातलं एवढंच कळायचं की तो कापतो.

त्या दिवशी एका रिटायर सुभेदारांची जीप द्यायची होती. ती गेली की मिस्त्रीला हेडमिस्त्री करायचं, असं मालकांनी ठरवलं होतं. म्हणून मीच उदार होऊन म्हणालो, "मिस्त्री, नारळ तुम्ही फोडा."

सुभेदारांनी कौतुकानं विचारलं, "गाव कुठलं, मिस्त्री?"

"पाटणकडचं."

"कुणापैकी?"

"बौद्ध."

"आसं व्हय." सुभेदार माझ्याकडं वळले. "सायेब, गाडी धुवून द्या. आन् नारळ दुसरा आना."

"आवं, आत्ताच धुतलीया."

"परत धुवा."

धुणारा गडी जेवायला गेला होता. मी घाबरलो की माझी जीभ डोक्याच्या आधी पळते. म्हणालो, "मिस्त्री, तेवढं पाणी मारा की."

मिस्त्रीनं नारळ टेबलावर ठेवला आणि चाकांच्या आतपर्यंत गाडी धुतली. धुऊन झाल्यावर सुभेदार म्हणाले, "सायेब, तुमी लय हुशार. आता ह्येनं धुतलेली कुनी धुवायची?"

सोबतची माणसं हसली. मीही हसलो. मग पँट दुमडून तिसऱ्यांदा मी धुतली. मिस्त्री बाजूला उभा राहून बघत होता. त्यानं तयार केलेल्या दारावरून माझा फडका फिरत होता.

जीप गेल्यावर मालक मला म्हणाले, "हेडमिस्त्रीचं ऱ्हाऊ द्या. गिऱ्हाईकं तुटत्यात." मिस्त्री चार हातांवर उभा होता. मी मान हलवली. त्यानं हत्यारांची पेटी सायकलला बांधली आणि गेला.

सुभेदारांचे पेढे घेऊन मी घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं. तिसऱ्या धुण्याचं जरा रंगवून, म्हटलं हसेल. ती हसली नाही. पेढ्यांचा पुडा तिनं उघडलाही नाही.

"उद्या मिस्त्री कामावर यायचे न्हाईत," ती म्हणाली. "तुमी मात्र जाल. डबा नेहमीच्याच टायमाला करू न्हवं?"